हजेरीपटातला ‘गेला’

ठाणे, ता. १९ नोव्हेंबर १८८३

प्रिय गोपीनाथ यास राघोचा नमस्कार आणि एक तक्रार.

तक्रार अशी की तुझ्या टोळीचा आश्विनाचा हजेरीपट अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. नदीपलीकडच्या टोळीचा हजेरी कारकून तानाजी हा साताऱ्याकडचा, त्याची-माझी तोंडओळखही नाही. त्याचे तिन्ही महिन्यांचे कागद केव्हाच आले. आणि ज्याच्याबरोबर मी कोपरीच्या मिठागरांच्या बांधावर पाटी-दप्तर टाकून खेकडे धरले, तो माझा शाळासोबती मला साहेबांपुढे खाली मान घालायला लावतो!

काम काय चालले आहे हे तुला तिथे कोणी धड सांगितले नसेल, म्हणून सांगतो. हिवतापावर कोयनेल चालते हे तू जाणतोस, पण ती विलायतेहून यायची आणि नेहमी कमी पडायची. आमच्या डॉक्टरसाहेबांनी जंगलातल्या एका झाडाच्या सालीची पूड केली आहे. झाड कोणते ते सांगत नाहीत, पण कोयनेलीइतकीच कडू आहे म्हणतात. तुमच्या आंबिवलीच्या सडकेवर दोन टोळ्या, प्रत्येकी एकशेवीस माणसे. अलीकडच्या, म्हणजे तुझ्या टोळीला रोज सकाळी पूड. पलीकडच्या टोळीला काही नाही. श्रावणापासून आश्विनापर्यंत कोणत्या टोळीत किती दगावले ते पाहायचे, झाले! माणसे सारखी, पाणी काळू नदीचेच, फरक काय तो पुडीचा.

या सगळ्याचा तक्ता करायचे काम साहेबांनी माझ्याकडे दिले आहे. सात वर्षे या दवाखान्याच्या कचेरीत मी दुसऱ्यांच्या पत्रांच्या नकला करीत आलो. डोक्याचे काम हे पहिलेच, तेव्हा माझी लाज राख आणि कागद पाठव. अक्षर जरा वाचता येईल असे काढ.

लक्ष्मीवहिनींना नमस्कार. गोदा सासरी कधी जायची? तिला म्हणावे, ठाण्याच्या काकाला विसरू नकोस.

तुझा
राघो

•

आंबिवली, ता. २६ नोव्हेंबर १८८३

राघो,

तुझी तक्रार पोचली आणि हजेरीपटही सोबत आहे, आता तरी रुसवा काढ. उशीर झाला तो आळसाने नाही. मला स्वतःला दोन पाळ्या हिव भरलं होतं. लक्ष्मीने तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते.

या वर्षी ताप वाईट आला. तू कागदावर नावं बघशील, मी माणसं बघतो. धाकू तुला आठवेल, आमच्या कोपरीचाच, लग्नात ढोल वाजवायचा. धाकू गेला तेव्हापासून त्याची आवडाबाई त्याच्या जागी खडी फोडते. खालमानेने येते नि खालमानेने जाते.

पुडीबद्दल एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो, साहेबाला सांगायची की नाही ते तू ठरव. सकाळी रांग लावून मी प्रत्येकाच्या हातावर पूड ठेवतो. माझ्यासमोर तोंडात टाकतात आणि वळणावर जाऊन थुंकतात. तिथल्या दगडांवर पिवळे डाग पडलेत. धाकू तर मला तोंडावर म्हणायचा, “दादा, यापरीस माना ताप बरा.” मी तरी किती जणांचे जबडे उघडून बघू?

गोदाला पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर पाठवायची ठरली आहे. आत्ताच आईच्या पदराला धरून रडते.

गोपीनाथ

•

ठाणे, ता. २८ जानेवारी १८८४

प्रिय गोपीनाथ,

आज मला तुझ्याशी बढाई मारायची आहे, तेव्हा निमूटपणे ऐकून घे.

तक्ता पुरा झाला. पलीकडच्या टोळीत शेकडा नऊहून अधिक माणसे तापाने दगावली. आणि तुझ्या पूडवाल्या टोळीत शेकडा एकही पुरे नाही! साहेबांनी कागद दोनदा वाचला, उठून माझ्याशी हात मिळवला आणि शिरस्तेदारांच्या देखत म्हणाले, हा मनुष्य आजवर नकला का करीत होता? शिरस्तेदारांचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

साहेबांचा इंग्रजी अहवाल मुंबईस गेला. त्याचा मराठी तर्जुमा मी करीत असून तो तालुक्यांच्या दवाखान्यांत वाटायचा आहे, खाली माझे नाव छापून. येत्या पावसापासून कल्याण तालुक्यात कोयनेल बंद आणि पूड सुरू. माझ्या हातचा एक तक्ता आणि त्यावर सबंध तालुक्याचे औषध बदलते, याचे मला अजून नवल वाटते. यात तुझाही वाटा आहे, पूड तूच तर हातावर ठेवलीस.

तुझा
राघो

•

आंबिवली, ता. १० फेब्रुवारी १८८४

राघो,

तुझं पत्र मी लक्ष्मीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, भावजींना दृष्ट लागेल, मीठमोहऱ्या उतरून टाकायला सांगा. मला फार बरं वाटलं.

पण एक कोडं पडलंय. तू म्हणतोस माझ्या टोळीत शेकडा एकही पुरा नाही. मला शेकडा काढता येत नाही, तू शाळेतही माझी गणितं सोडवून द्यायचास. पण बोटांवर मोजता येतं. माझ्या टोळीची दहा माणसं तापाने गेली. एकाची चिठ्ठी कल्याणच्या दवाखान्यातून आली, तिच्यावर ‘मयत’ होतं म्हणून मी तसंच उतरवलं. बाकीच्या नऊ जणांपुढे मी ‘गेला’ लिहिलं आहे. जे ताप अंगावर घेऊन घरी निघून गेले त्यांच्यापुढे ‘गावी’ लिहिलंय, ते सहा.

तानाजी सगळ्यांना ‘मयत’ लिहितो. तो शब्द पंचनाम्यात शोभतो. ‘मेला’ लिहावं तर ती बायकांच्या तोंडची शिवी. ज्यांच्या पंगतीला बसून मी भाकर खाल्ली त्यांच्या नावापुढे मी शिवी कशी लिहू? म्हणून ‘गेला’.

आणि हा शब्द तुला नवा नाही. पंतोजींनी घरच्या माणसाबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मी लिहिलं, ‘माझा आजा शिमग्यात गेला.’ तू मोठ्याने विचारलंस, “कुठं?” सगळी शाळा हसली आणि पंतोजींनी तुझ्या पाठीत असा धपाटा घातला की तुझी टोपी उडाली. मधल्या सुटीत तू मला तुझ्यातला अर्धा गूळ दिलास.

तेव्हा एकच कसा, ते मला समजेल असं लिही. आवडाबाई परवा विचारत होती, “सायबाचे बुकान माजे घोवाचा नाव लिवलाय का रं?” मी म्हणालो, राघोने लिहिलं असणारच.

गोपीनाथ

•

ठाणे, ता. ३ जून १८८४

प्रिय गोपीनाथ,

तुझे फेब्रुवारीचे पत्र मधल्या काळात कागदांत गहाळ झाले होते, ते परवा सापडले. म्हणून उत्तरास विलंब.

तुझी शंका वाचली. शेकडा प्रमाण काढण्याची शास्त्रात एक रीत असते. कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे याचे नियम असतात, ते पत्रात सांगण्यासारखे नाहीत. साहेबांनी सर्व तपासले आहे आणि मुंबईस मान्य झाले आहे. छापून झालेल्या गोष्टीचा तू उगाच घोर लावून घेऊ नकोस.

मी आता तक्त्यांच्या कामावर कायम झालो. कामाची फार गर्दी आहे.

राघो

•

आंबिवली, ता. १४ सप्टेंबर १८८४

राघो,

गोदाला सहा दिवस ताप आहे. एक दिवसाआड हिव भरतं आणि मग अंग असं तापतं की हात लावून घेत नाही. काल बरळत होती.

मी पहिल्या दिवसापासून तुझी पूड देतोय. एकदाही थुंकू दिली नाही, स्वतः तिचं तोंड धरून बसलो. गुण नाही. काल कल्याणला चालत गेलो, कोयनेल मागितली. कंपौंडर म्हणाला, कोयनेल बंद झाली, ही पूड तिच्याहून बरी, हा बघ सरकारी कागद. कागदाखाली तुझं नाव होतं.

मी तो कागद तिथेच उभा राहून वाचला. त्यात माझ्या टोळीपुढे लिहिलंय, ‘काम सोडून गेले, पंधरा.’ माझ्या पटात गावी गेलेले सहा. बाकीचे नऊ कोण, राघो?

ते मग सांग. आत्ता फक्त एवढं सांग, पूड देऊ की नको? तू दे म्हणालास तर देईन. तुझ्याएवढं शिकलेलं माझं दुसरं कोणी नाही.

गोपीनाथ

•

ठाणे, ता. १६ सप्टेंबर १८८४

गोपीनाथ,

पूड देऊ नकोस. हे पत्र आणणारा दगडू आमचा पट्टेवाला आहे, भरवशाचा. त्याच्याजवळ कोयनेलीच्या आठ पुड्या आहेत. ताप उतरलेला असेल तेव्हा एक, मग दर सहा तासांनी एक. कपाटात एवढ्याच होत्या. आधी हे कर, नंतर पुढचे वाच.

ते नऊ कोण हे तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते.

मी पहिला तक्ता केला तेव्हा ‘गेला’ लिहिलेली नऊ नावे मयतांतच धरली होती. तुझ्या टोळीत दहा, पलीकडे अकरा. म्हणजे पुडीने काही झाले नाही. मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. फक्त त्यांचा चेहरा उतरला आणि म्हणाले, पुन्हा एकदा नीट बघ. मी टेबलापाशी परत आलो आणि बघत बसलो. बघता बघता मला वाटले, ‘गेला’ म्हणजे काम सोडून गेला असेही होऊ शकेल. तसे धरले की तुझ्या टोळीतले पंधरा कमी होतात, उरतात एकशेपाच आणि त्यांत मयत एक. तक्ता असा सुंदर दिसू लागला की मला माझाच अभिमान वाटला.

त्या वेळी धाकूबद्दलचे तुझे पत्र माझ्या टेबलावर होते. मला ते आठवले. आठवले, आणि मी ते दुसऱ्या कागदांखाली सरकवले. पूड थुंकतात हेही त्याच पत्रात होते. कोणी गिळली आणि कोणी थुंकली हे ज्याला माहीत नाही, त्याने कसला शेकडा काढायचा? पण शिरस्तेदार बघत होते, साहेब वाट पाहत होते, आणि माझे नाव छापून येणार होते.

तुझे फेब्रुवारीचे पत्र गहाळ झाले नव्हते. ते माझ्या कोटाच्या खिशात चार महिने होते. आज्याची गोष्ट वाचली तेव्हा पंतोजींचा धपाटा मला पुन्हा पाठीत बसल्यासारखा झाला, तरी मी तुला ते रीत आणि नियमाचे पत्र लिहिले. या सबंध प्रकरणात मला सगळ्यांत जास्त लाज त्या पत्राची वाटते. आकडा चुकवला तो साहेबांसाठी, ते पत्र मात्र मी तुला फसवायला लिहिले.

उद्या साहेबांना सांगतो. गोदाचे कसे आहे ते दगडूबरोबरच कळव.

राघो

•

ठाणे, ता. २० ऑक्टोबर १८८४

गोपीनाथ,

दगडू परत आला तो म्हणाला, पुड्या दिल्या, त्यांनी चिठ्ठी दिली नाही. त्याला आज महिना उलटला. दोन ओळी तरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

कोपरीत तुझ्या काळुरामदादाला विचारले असते तर कळले असते, पण त्यांच्या दारावरून जायचे धाडस होत नाही. दोनदा कोपरीपर्यंत गेलो आणि आगगाडीच्या फाटकापासून परत फिरलो. गोदाचे काही बरेवाईट झाले असेल तर ते मला त्यांच्या अंगणात उभे राहून ऐकवणार नाही.

साहेबांना अजून सांगितलेले नाही. ते दौऱ्यावर होते असे तुला लिहिणार होतो. ते पंधरा दिवसच दौऱ्यावर होते. परत आल्यापासून मी रोज कागद घेऊन त्यांच्या दारापर्यंत जातो आणि दुसरेच काहीतरी विचारून परत येतो. तुझ्याशी पुन्हा खोटे बोलायचे नाही एवढेच मला आजवर जमले आहे.

गोदा कशी आहे?

राघो

•

आंबिवली, ता. ९ नोव्हेंबर १८८४

राघो,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मुद्दाम उत्तर दिलं नाही. पहिले आठ दिवस वेळ नव्हता आणि नंतर मन नव्हतं.

आता तू विचारतोस म्हणून सांगतो.

गोदा गेली.

पान उलट.

सासरी गेली. तुळशीच्या लग्नानंतर, ठरल्याप्रमाणे. तुझ्या कोयनेलीने पाचव्या दिवशी ताप उतरला, आठवड्याने पेज मागू लागली. जाताना रडली आणि ठाण्याच्या काकाला नमस्कार सांगून गेली. तिला काही ठाऊक नाही.

पान उलटेपर्यंत तू काय समजला असशील ते मला कळतंय. मीही बाप आहे. लक्ष्मीला कळलं तर ती मला उपाशी ठेवील, असलं अभद्र कोणी लेकीबद्दल लिहितं का! पण मला तुला दाखवायचं होतं की तुला हा शब्द वाचता येतो. तू कोणाला विचारायला गेला नाहीस. बघ, कसा झटकन वाचलास.

आता दुसरं. कोजागिरीच्या दिवशी आवडाबाईला हिव भरलं. कोयनेलीच्या आठही पुड्या गोदाला लागल्या होत्या. मी पुन्हा कल्याणला गेलो. कंपौंडरने पुन्हा तोच कागद दाखवला. मी त्याला म्हणालो की हा कागद खोटा आहे, ज्याने लिहिला त्यानेच मला सांगितलंय. तो म्हणाला, मग त्यालाच साहेबाला तसं सांगू दे, मला तुझं ऐकून चालत नाही. त्याचं काय चुकलं? मी पूड घेऊन परत आलो. आवडाबाई ती मुकाट्याने गिळायची. धाकूसारखी थुंकत नव्हती. म्हणायची, “राघोनी लिवलंय, तं बराच असंल.”

सातव्या दिवशी आवडाबाई गेली. हे पान उलटू नकोस, मागे काही लिहिलेलं नाही.

तू सप्टेंबरात लिहिलं होतंस, उद्या साहेबांना सांगतो. ते उद्या कोजागिरीच्या आधी आलं असतं तर कल्याणच्या कपाटात कोयनेल असती. मी तुला शिव्या देणार नाही. देता येत नाहीत, तू माझ्या लेकीला वाचवलंस. हीच तर माझी पंचाईत झाली आहे. माझ्या पोरीला ठाण्यात काका होता, आवडाबाईला कोणी नव्हतं.

गोपीनाथ

•

ठाणे, ता. २४ नोव्हेंबर १८८४

गोपीनाथ,

तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी साहेबांकडे गेलो. या वेळी दारातून परत फिरलो नाही. दोन्ही तक्ते, तुझे हजेरीपट आणि तुझी पत्रे त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले.

त्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, “तुला तुझीच भाषा येत नव्हती का?” मी म्हणालो, “येत होती.” मला वाटले होते की ते ओरडतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलेही नाही आणि मला कळले की त्यांनाही लाज वाटते आहे. पुन्हा नीट बघ असे तेच म्हणाले होते, हे आम्हा दोघांनाही आठवत होते.

पूड बंद झाली. सोमवारच्या गाडीने कोयनेलीच्या दोन पेट्या कल्याणला गेल्या, मी स्वतः चढवल्या. तुझ्या कंपौंडरला लेखी हुकूम गेला आहे. मुंबईच्या अहवालाची दुरुस्ती साहेब पाठवणार म्हणतात. पाठवतील की नाही कोण जाणे, म्हणून एक पत्र मी माझ्या सहीने वेगळे पाठवले आहे. मी पुन्हा नकलांच्या टेबलावर बसतो.

मराठी तर्जुम्याच्या त्रेचाळीस प्रती कोठीत उरल्या होत्या. त्या मागून घेतल्या आणि एकेक दुरुस्त करीत आहे. ‘काम सोडून गेले, पंधरा’ खोडून सहा केले. खाली तुझ्या पटातली नऊ नावे लिहिली, धाकूपासून. आवडाबाईचे नाव कोणत्याच रकान्यात बसत नाही, तिच्या वर्षी टोळ्यांची तुलना नव्हती, कोणी मोजत नव्हते. ते समासात लिहिले आणि तिला हिव भरले ती कोजागिरीची तारीख घातली. मी साहेबांकडे केव्हा गेलो ती तारीखही तिच्या शेजारी घातली आहे. ज्या प्रती वाटल्या गेल्या त्या परत येतील तशा याही करीन.

नावांपुढे कोणता शब्द लिहावा यावर अडलो. तुझाच शब्द लिहायचा म्हणून पहिल्या प्रतीवर धाकूपुढे ‘गेला’ लिहिले. मग ते खोडले. तो शब्द आपल्या माणसांनी लिहायचा असतो. मी सगळीकडे ‘मयत’ लिहिले आहे.

राघो